शेवंताअक्काच्या काचपेट्या

संपादकांचा निरोप आला की फ्रेमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे, वाचकांना जरा हलकंफुलकं लागतं. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की आधी राग येतो, आणि तो ज्या गोष्टीचा येतो ती सांगून टाकल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. आमची मंडळी म्हणते, तुमच्या नाकावरच राग असतो. असेल. इतकी वर्षं लोकांचे देव आणि मेलेली माणसं भिंतीवर टांगून दिली, थोडा राग माझ्याकडे शिल्लक राहिला तर बिघडलं कुठे?

राहात्याच्या पेठेत माझं दुकान होतं. धंदा सांगायला सोपा आहे. लाकडी पट्टी चारी कोपऱ्यांना तिरपी कापायची, सरस लावून, चुका म्हणजे बारीक खिळे मारून चौकट जोडायची, हिरकणीने काच कापायची, आत चित्र, मागे पुठ्ठा, वर टांगायला कडी. तिरपा काप जुळला नाही तर फटीत लांबी, म्हणजे खडूचा लगदा, भरून वरून सोनेरी रंग फासणारे कारागीर मी पाहिलेत. मी असली चौकट चुलीत घालायचो. काच मात्र गरम करून किंवा ठोकून सरळ होत नाही, ती पहिल्याच ओढीला कापावी लागते. हात थरथरला की काच गेली. म्हणून रागाच्या भरात काच कापायची नाही, एवढा एक नियम मी पाळला.

गिऱ्हाइकं मात्र राग आणणारीच यायची. एकदा दोघे भाऊ आले. वाटण्या झालेल्या. आईबापांचा जोडीचा फोटो घेऊन आले आणि म्हणाले, मधोमध कापून दोन फ्रेमा करा, याला वडील, मला आई. फोटोत आईचा हात वडिलांच्या खुर्चीवर होता. मी विचारलं, हाताचं काय करू, हात कुणाच्या वाटणीचा? दोघे खरोखरच विचार करायला लागले. मी त्यांना दुकानाबाहेर काढलं. निवडणुकीनंतर पुढारी बदलले की तीच फ्रेम घेऊन माणसं यायची. काच तीच, पट्टी तीच, आतला साहेब काढून नवा साहेब घालायचा. जुन्या साहेबाचं काय करायचं विचारलं तर म्हणायचे, टाका की कुठंतरी. फ्रेम पुन्हा वापरणं यात गैर काही नव्हतं, दुष्काळात तर सगळेच तसं करत. पण आतलं काढून टाकताना त्याच्याकडे एकदा तरी बघावं, एवढीच माझी अपेक्षा असायची.

शेवंताअक्का कासारीण होती. खांद्यावर बांगड्यांचं ओझं घेऊन वाड्यावस्त्या फिरायची. बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या चढवायच्या आणि चढवता चढवता त्यांचं सगळं ऐकून घ्यायचं, असं तिचं काम. नवरा दम्याने घरी बसलेला, एक मुलगी कुसुम. त्याखेरीज अक्काला एक नाद होता, वस्तू गोळा करण्याचा. कुणाच्या घरात पडलेली मोडकी चावी, पलटणीतल्या कोटाचं बटण, साळिंदराचा काटा, गुंजा, सागरगोटे, सापाची कात, बाजाच्या पेटीची तुटलेली पितळी पट्टी. बायका हसून देऊन टाकायच्या. तुझ्या उपयोगी पडत असेल तर ने म्हणायच्या.

पहिल्यांदा दुकानात आली ती एक खोकं घेऊन. म्हणाली, "दादा, ह्याला काच बसवून द्या. पन काच आतल्या वस्तूंना लागू नये. खोल पायजे."

मी वैतागलो. फ्रेम सपाट असते, आत कागद असतो, खोल कशाला? मग खोक्यात वाकून पाहिलं. आत जुन्या खणाचं कापड लावून त्यावर काड्यापेट्यांचे कप्पे केले होते. प्रत्येक कप्प्यात एक चावी. गंजलेल्या, वाकलेल्या, एक तर अर्धीच. कप्प्यांच्या कडेला फुटक्या बांगड्यांचे तुकडे सरसात बसवून नक्षी केली होती आणि वरच्या कोपऱ्यात लाखेचा केलेला एका म्हाताऱ्याचा चेहरा होता, बोटाच्या पेराएवढा. कासाराच्या घरात लाख असतेच, पण लाखेतून असा चिडका, हट्टी म्हातारा निघू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"दाजीबा. ज्या किल्ल्यांची कुलपं हरवली त्या किल्ल्या जमवतो. बायकोला वाटतं याड लागलं. पन त्यो म्हनतो, कुलूप कवातरी सापडंल, तवा लोक माझ्याच दाराशी येतील."

"कुठल्या गावचा?"

"कुठला न्हाई. मीच केला."

हे तिचं असं होतं. ती नुसत्या वस्तू मांडत नसे, त्या वस्तू जमवणारा माणूस आधी मनात उभा करायची आणि मग त्याच्या आवडीने पेटी भरायची. एक सगुणा होती, ठार बहिरी. एके काळी आवाज करणाऱ्या वस्तू जमवायची. खडा निघून गेलेलं घुंगरू, फुटकी शिट्टी, ती पेटीची पट्टी, वाळलेली शेंग. एक पुणतांब्याचा रेल्वेचा गार्ड होता, तो म्हणे उतारूंनी घाईत टाकलेल्या गोष्टी उचलून ठेवायचा, कारण त्याला स्वतःला कुठेच उतरता यायचं नाही. सागरगोटे जमवणारी एक मुलगी होती, तिला खेळायला कुणी मिळत नसे. मी या पेट्यांना दुहेरी पट्टी लावून खोल चौकटी करून द्यायला लागलो. मागचा पुठ्ठा ती सरसाने अगदी बंद करायला लावायची, धूळ जाऊ नये म्हणून. दुकानात त्या वाळायला ठेवल्या की देवाची तसबीर न्यायला आलेली माणसं तिथेच रेंगाळायची. एक शेतकरी दाजीबासमोर बराच वेळ उभा राहिला आणि दुसऱ्या बाजारी येताना घरातली एक चावी घेऊन आला. म्हणाला, ही द्या त्या म्हाताऱ्याला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बायाबापड्या खडी फोडायला गेल्या. खडी फोडताना काचेच्या बांगड्या टिकत नाहीत, एका ठोक्याला फुटतात आणि मनगट कापतं. बायांनी हातात दोरा बांधला आणि कामावर गेल्या. अक्काचा धंदा बसला. तीही खडीवर गेली. दुपारी हात सोललेले असायचे, तरी तिची पेटी चालूच. त्या वर्षी तिने सगळ्यात जास्त पेट्या केल्या. गाव सोडून जाणाऱ्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या असतील, मी विचारलं नाही.

त्याच दिवसांत कुसुमचं लग्न ठरलं. सोनईचं घर, बांगड्या आणि भांड्यांचं दुकान असलेले मुरलीधरशेठ यांचा मुलगा. खाऊनपिऊन सुखी, दुष्काळातसुद्धा. अक्काला आकाश ठेंगणं झालं होतं. मला लग्नाला बोलावलं आणि मी गेलो.

आमच्याकडे नवरीच्या बाजूने मांडवात रुखवत मांडतात. लाडू, करंज्या, चकल्या, कुरडया, मण्यांचे पोपट, सुपारीच्या बाहुल्या, मुलीच्या हाताचं आणि घरच्यांच्या हौसेचं सगळं. वऱ्हाड बघून जातं आणि शेवटी ते सगळं मुलीबरोबर सासरी जातं. त्या वर्षी गहू कुठे होता? सरकारी लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, पापड्या आणि गुळाच्या चार वड्या यांनी मांडव काय भरणार? एक कोपरा रिकामाच दिसत होता. कुसुमची मामी म्हणाली, "वन्सं, तुमच्या त्या काचंच्या पेट्या मांडा की. तेवढीच भरगच्च दिसंल बाजू." बाकीच्या बायकांनीही उचलून धरलं. अक्काने घरातून पेट्या आणून ओळीने मांडल्या. तिच्या मनात एवढंच होतं की वऱ्हाड बघून गेलं की गुपचूप उचलायच्या.

पेट्यांसमोर गर्दी झाली खरी. मुलं वाकून बघत होती, गार्डला कुणीतरी सलाम ठोकला. नवऱ्याची आई आली, तिने नाक मुरडलं, पण मोजून घेतल्यासारखी नजर फिरवली. पंगत उठल्यावर अक्काचा भाऊ पेट्या उचलायला लागला तर विहीणबाई मध्ये आल्या.

"मांडलेलं रुखवत उचलत्यात व्हय? आमाला दाखवायचं आन माघारी न्यायचं? ही कुठली रीत?"

भावाने सांगितलं, ह्या शोभेला ठेवल्या होत्या. झालं. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली, कुणी म्हणालं अपमान आहे, कुणी म्हणालं मुलीच्या संसाराला सुरुवातीलाच नाट लावता. अक्का पुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "न्या, विहीनबाई. लेकीच्या डोळ्यापुढं ऱ्हातील." गाडीत पेट्या चढताना ती बघत उभी होती. मी तिथेच भांडलो असतो, पण लग्नाचा मांडव आणि मी कुणाचा कोण? आजही वाटतं की त्या बाईने हात जोडायला नको होते. मुलीच्या आईने मांडवात हात जोडायचे, ही रीत कुणी घातली त्याला मला एकदा भेटायचंय.

काही महिन्यांनी मुरलीधरशेठ राहात्याला आले आणि माझ्या दुकानात शिरले. काखोटीला गोणपाटात बांधलेल्या दोन पेट्या. दाजीबा आणि सगुणा.

"फ्रेमवाले, दुकानाला नवं फर्निचर केलंय. वडिलांचा फोटू लावायचा, आन लक्ष्मीची तसबीर. काच चांगली हाय ह्याची, पट्टी बी जाड हाय. आतला कचरा काढा आन बसवून द्या. बाकीच्या बी घेऊन येतो."

मी म्हणालो, "ही पट्टी मी कापली आहे. तो कचरा नाही. तुम्हाला नव्या फ्रेमा करून देतो, ह्याला हात लावणार नाही."

"नव्या कशाला? ह्या हायेत की."

"त्या भिंतीवर लावा. लोक बघतील."

"लोक हसत्यात," शेठ म्हणाले. "दुकान हाय का भंगाराचं गोदाम. माझा माल हाय, रुखवतात आलाय. तुमी का एवढं जिवाला लावून घेताय?" मग त्यांचे डोळे बारीक झाले. "सून बी परवा हात लावू देईना. रडाय लागली. आन तुमी पन. काय हाय आत?"

मी म्हणालो, माणसं आहेत आत. खरंच म्हणालो. शेठना वाटलं मी थट्टा करतोय. मी दोन्ही पेट्या उचलून मागच्या फळीवर ठेवल्या आणि सांगितलं की माझ्या दुकानात हे काम होणार नाही, आणि तुम्ही दुसरीकडे नेऊन फोडाल म्हणून ह्या देणारही नाही. शेठ तणतणत गेले. चुकलं का माझं? मंडळी म्हणाली चुकलं. मला अजूनही तसं वाटत नाही.

पण शेठच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. दुष्काळात बायांनी पोटासाठी मंगळसूत्रातले मणीसुद्धा मोडले होते हे सगळ्यांना ठाऊक. कासारीण घरोघर फिरणारी. पेट्या मागून सरसाने गच्च बंद. सून रडते, फ्रेमवाला देत नाही. याचा अर्थ काय? आत सोनं आहे. लोकांनी विश्वासाने हिच्याजवळ ठेवलेलं सोनं हिने पेट्यांत चिकटवून लेकीच्या घरी पोचवलं. घरी जाऊन त्यांनी उरलेल्या सगळ्या पेट्या फोडल्या. कात फाडली, लाखेचे चेहरे वितळवून बघितले, गार्डच्या पोटातही काही निघालं नाही. सगळं उकिरड्यावर गेलं. आणि सोनं सापडलं नाही, म्हणून आपण चुकलो असं त्यांना वाटलं असेल? छे! सोनं सापडलं नाही, म्हणजे ते राहिलेल्या दोन पेट्यांत आहे, आणि ते फ्रेमवाल्याने दाबून ठेवलंय. त्यांनी कुसुमला माहेरी आणून सोडलं. पेट्या घेऊन ये, मग उंबरा चढ.

हे मला अक्काने सांगितलं. भर दुपारी आली, दुकानाच्या पायरीवर बसली. मी भडकलो. म्हटलं, पंचांपुढे नेऊ, गावात बोभाटा करू, सोनईच्या पेठेत जाऊन शेठची अब्रू काढतो. चोर ठरवतात तुम्हाला? मी बोलत होतो आणि ती ऐकत होती, बांगड्या भरताना ऐकायची तशी.

"दादा," ती म्हणाली, "तुमचा राग खरा हाय. पन त्यो तुमाला परवडतो. माझी पोर तितं नांदायची हाय. मला रागवायची सोय न्हाई."

"मग काय करायचं?"

"त्यांना निरोप धाडलाय. उद्या येत्यात. त्यांच्या म्होरं उघडू."

दुसऱ्या दिवशी शेठ बैलगाडी घेऊन आले. कुसुम आईबरोबर आली होती, दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी. शेठ माझ्या बाकड्यावर बसले. मी फळीवरून पेट्या काढल्या आणि हत्यारं पुढे केली नाहीत. अक्कानेच माझी पकड उचलली. मागचा पुठ्ठा तिने इतका जपून सोडवला की सरसाचा टवकासुद्धा उडाला नाही. मग एकेक वस्तू काढून शेठच्या पुढ्यात ठेवत गेली. घुंगरू. त्यांनी कानाशी हलवून पाहिलं, आवाज नाही. शिट्टी. पितळी पट्टी त्यांनी नखाने खरवडली, वास घेतला. किल्ल्या आल्या तेव्हा त्यांनी प्रत्येक हातात तोलली. अर्धी किल्ली दोनदा तोलली. मी या बाईला मांडवात हात जोडताना पाहिलं होतं, पण हे त्याहून वाईट होतं. ती आपल्या हाताने आपलीच माणसं उकलून त्या माणसाच्या चिमटीत देत होती आणि तो त्यांचं वजन करत होता.

शेवटी लाखेचा दाजीबा राहिला. शेठनी तो उचलला आणि अंगठ्याने दाबला. लाख ठिसूळ झाली होती, दोन तुकडे झाले. आत लाखच.

"अक्का," मी म्हणालो, "बास झालं."

"झालंच की," ती म्हणाली. तिने पदर पसरला, बाकड्यावरचं सगळं त्यात ओढून घेतलं, तुकड्यांसकट, आणि गाठ मारली. "शेठ, मिटली शंका?"

शेठ थोडे ओशाळले असावेत. खोकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चौकटी रिकाम्या झाल्याच हायेत. फोटू आनलेत मी." आणि बंडीच्या खिशातून वडिलांचा फोटो आणि लक्ष्मीचं गुंडाळलेलं चित्र काढलं.

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बसवा म्हणून.

मी काचा पुसल्या. खोल चौकटीत फोटो बसवायचा तर आत दुसरी पट्टी मारावी लागते, नाहीतर माणूस विहिरीत पडल्यासारखा दिसतो. मारली. चुका ठोकल्या, पुठ्ठा लावला, कडी बसवली. काम चोख केलं, कारण वाईट काम मला येत नाही. अक्का तोवर थांबली नाही. कुसुमच्या डोक्यावरून हात फिरवून, पदरातली गाठ सावरत ती पेठेतून निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षं ती बांगड्या घेऊन दुकानावरून जायची, मंडळीच्या हातात बांगड्या भरायची, दोघी बोलत बसायच्या. पेटी पुन्हा कधी आणली नाही. मी खोल पट्टी कापून ठेवलेली होती. दाखवली तर म्हणायची, "कोन जमवनारं आता डोस्क्यात येतच न्हाई, दादा."

त्या दिवशी शेठनी तयार फ्रेम दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली, लांबून बघितली, जवळून बघितली, आणि खूश होऊन मला म्हणाले, "आता बघा. आत काईतरी असल्यावानी दिसतंय."

बाहेर बैलगाडीत कुसुम सासरी परत जायला कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. मी फ्रेमा कागदात गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या आणि काचेला धक्का लागू नये म्हणून तिच्याच हातात दिल्या.